तीस वर्षे नोकरी करून निवृत्तीनंतर महिन्याला नेमके किती हाती येणार? (जळगाव एमआयडीसी)

प्रश्न : पाळधीकर

नमस्कार. मी जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पाइप तयार करणाऱ्या एका कारखान्यात मशीनवर काम करतो. वय ५३ आहे आणि आमच्याकडे ५८ व्या वर्षी निवृत्ती असल्याने जून २०३१ मध्ये माझी नोकरी संपेल. गेल्या महिन्यात आईच्या बँकेच्या कामासाठी भुसावळला गेलो होतो, तेव्हा तिचे पासबुक भरून घेताना जो आकडा दिसला त्यामुळे हा प्रश्न विचारावासा वाटला.

माझे वडील रेल्वेत लोको शेडमध्ये खलाशी म्हणून लागले आणि फिटर म्हणून निवृत्त झाले. ते गेल्यानंतर आईला कुटुंब निवृत्तीवेतन मिळते. मूळ रक्कम किमान म्हणजे ९,००० रुपयेच आहे, पण त्यावर ५८ टक्के महागाई भत्ता धरल्यास ती १४,२२० होते. आई कधी नोकरीवर गेली नाही, ती घर आणि दोन म्हशी सांभाळत आली. मी मात्र १९९८ पासून आजपर्यंत, मधली दोन वर्षे सोडली तर, सतत कारखान्यात आहे, आणि सोबतचे लोक सांगतात की मला पीएफच्या पेन्शनचे चार-पाच हजार मिळाले तरी खूप झाले. हे खरे आहे का?

माझी माहिती अशी : पहिल्या कारखान्यात १९९८ ते २००४ अशी सहा वर्षे काम केले आणि तो सोडल्यावर बहिणीच्या लग्नासाठी पीएफ आणि पेन्शनचा पैसा, दोन्ही काढून घेतले. सध्याच्या ठिकाणी जून २००६ पासून आहे. मूळ पगार आणि भत्ता मिळून १६,००० रुपयांवर पीएफ कापला जातो. पासबुकात आज ४,६०,००० रुपये दिसतात, कारण घर बांधताना एकदा मोठी उचल घेतली होती. मुलगा २५ वर्षांचा असून चाकणला ठेकेदारामार्फत काम करतो, चार वर्षांत त्याने तीन ठेकेदार बदलले आणि दोन वेळा पीएफ काढून घेतला. उरलेल्या पाच वर्षांत मी काय करू शकतो आणि मुलाने काय करू नये, हे जाणकारांनी सांगावे. आमच्यातले काही जण पन्नाशीनंतर लगेच कमी पेन्शन सुरू करून घेतात, ते योग्य आहे का, हेही सांगावे.

उत्तर १ : जुना जमाखर्च, धुळे

पाळधीकर भाऊ, मी बत्तीस वर्षे कारखान्यांच्या लेखा विभागात काढली आणि त्यातली निम्मी पीएफची विवरणपत्रे भरण्यात गेली. तुमच्या आईच्या आणि तुमच्या आकड्यांत जी तफावत दिसते, ती तुमच्या पगारापेक्षाही दोन योजनांच्या मुळातच असलेल्या फरकामुळे आहे. रेल्वेचे जुने निवृत्तीवेतन सरकार तिजोरीतून देते, ते शेवटच्या पगाराशी जोडलेले असते आणि महागाई भत्त्यामुळे वर्षातून दोनदा वाढते. तुमची पेन्शन १६ नोव्हेंबर १९९५ पासून सुरू झालेल्या कर्मचारी पेन्शन योजनेतली आहे. तिच्यात मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के जातात, पण तेही फक्त १५,००० रुपयांच्या पगारमर्यादेपर्यंत, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५०. केंद्र सरकार त्यात १.१६ टक्के घालते. या पेन्शनला महागाई भत्ता नाही, त्यामुळे ती ज्या आकड्यावर सुरू होते त्याच आकड्यावर शेवटपर्यंत राहते.

आता तुमचा हिशेब. सूत्र साधे आहे : पेन्शनयोग्य पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. पेन्शनयोग्य पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी. मात्र १ सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेला ६,५०० ची मर्यादा लागते आणि त्यानंतरच्या सेवेला १५,००० ची, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही आणि मग कार्यालयात वाद होतात. तुमची २०१४ पूर्वीची सव्वाआठ वर्षे आणि नंतरची पावणेसतरा वर्षे ढोबळपणे ८ आणि १७ धरली, तर पेन्शन ४,३८५ च्या आसपास येते. वीस वर्षांहून अधिक सेवा असल्याने दोन वर्षांची जादा सेवा धरली जाईल, म्हणून आकडा साडेचार ते पावणेपाच हजारांच्या दरम्यान जाईल. बिनपगारी रजेचे दिवस जास्त असतील तर तो थोडा खाली येईल. पुढे पगारमर्यादा वाढली तर वर जाईल, पण आज तिच्यावर विसंबू नका.

तुमची २००४ मधली चूक तुम्ही एका वाक्यात सांगितलीत, पण खरा प्रश्न तिच्यातच आहे. त्या वेळी तुम्ही फॉर्म १०-सी भरून पेन्शनचा पैसा काढलात. तुमचा पगार तेव्हा तीन हजारांच्या घरात असेल, तर त्या सहा वर्षांचे तुम्हाला अठरा-एकोणीस हजार मिळाले असतील. ते न काढता योजना प्रमाणपत्र, म्हणजे झालेली सेवा नोंदवून ठेवणारा कागद, घेतले असते, तर ती सहा वर्षे आजच्या सेवेला जोडली गेली असती आणि ६,५०० गुणिले ६ भागिले ७० म्हणजे दरमहा ५५७ रुपये पेन्शन वाढली असती. अठरा-एकोणीस हजार रुपये तीन वर्षांत परत आले असते आणि नंतर आयुष्यभर मिळत राहिले असते. मी स्वतः शेकडो लोकांचे १०-सी भरून दिले आहेत आणि त्या वेळी कोणालाही थांबवले नाही, कारण समोरच्या माणसाला पैशाची निकड असायची आणि आम्हाला टेबल रिकामे करायचे असायचे.

तुमच्या मुलाने हेच चालवले आहे. दहा वर्षांची सेवा पूर्ण झाल्याशिवाय मासिक पेन्शनचा हक्क येत नाही, आणि प्रत्येक वेळी पेन्शनचा पैसा काढला की त्या सेवेचा काटा शून्यावर येतो. त्याचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा क्रमांक, एकच असेल, तर जुन्या ठेकेदाराकडचे खाते नव्याकडे वर्ग करणे पुरेसे आहे. ठेकेदार नोकरी सोडल्याची तारीख भरत नाही ही नेहमीची तक्रार, पण शेवटचा हप्ता भरल्याला दोन महिने झाले की कामगाराला ती तारीख स्वतः पोर्टलवर भरता येते. आणखी एक : २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे आणि तिच्यानुसार ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्याला एका वर्षाच्या सेवेनंतरही ग्रॅच्युइटी मिळते. त्याच्या नेमणूकपत्रात नेमके काय लिहिले आहे, ते वाचून घ्या.

पन्नाशीनंतर लवकर पेन्शन घेण्याबद्दल : ५८ च्या आधीच्या प्रत्येक वर्षासाठी ४ टक्के घट होते आणि ती कायमची असते. ५३ व्या वर्षी घेतली तर जवळजवळ साडेअठरा टक्के कमी मिळेल, शिवाय त्यासाठी नोकरी सोडावी लागेल. उलट ५८ नंतर ६० पर्यंत पेन्शन पुढे ढकलली, तर प्रत्येक वर्षी ४ टक्के वाढते. त्या दोन वर्षांत दुसरे काही उत्पन्न असेल तरच तो विचार करावा.

हंगामी कामगारांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण आपल्या भागात जिनिंग आणि साखर कारखान्यांत असे लोक हजारोंनी आहेत. हंगामी आस्थापनेत वर्षातले चार-पाच महिनेच काम झाले, तरी पेन्शनसाठी ते पूर्ण वर्ष धरले जाते. त्यामुळे दहा हंगाम केलेला माणूस पेन्शनला पात्र ठरू शकतो, पण तो दर हंगामानंतर पैसे काढत राहिला तर ठरणार नाही.

उत्तर २ : निवृत्त मेल ड्रायव्हर, भुसावळ

माझे रेल्वेचे पूर्वीच्या योजनेतले निवृत्तीवेतन असल्याने या प्रश्नावर बोलण्याचा मला फारसा अधिकार नाही, हे आधीच मान्य करतो. माझ्या घरातच हा बदल दिसतो : मी जुन्या योजनेत, आणि २००९ मध्ये रेल्वेत लागलेला मुलगा नव्या योजनेत, कारण १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तीवेतन नाही. १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत योजनेचा पर्याय आला, ज्यात पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मे मिळण्याची हमी आहे. मुलगा बरेच दिवस आकडेमोड करत होता.

मला सांगायचे आहे ते एकरकमी पैशाबद्दल. पाळधीकर, तुम्हाला निवृत्तीच्या दिवशी पीएफ आणि ग्रॅच्युइटी एकदम मिळेल, आणि भुसावळमध्ये मी पाहिले आहे की ती रक्कम बँकेत पोचण्याआधीच नातेवाइकांच्या हिशेबात पोचलेली असते. माझ्या स्वतःच्या बाबतीत नातेवाईक नव्हते, मीच होतो. एका पतसंस्थेने बँकेपेक्षा दोन टक्के जास्त व्याज देऊ केले म्हणून मी कम्युटेशनचे, म्हणजे पेन्शनचा काही भाग सोडून एकरकमी घेतलेले, सहा लाख तिथे ठेवले. पहिली तीन वर्षे व्याज अगदी तारखेला यायचे. चौथ्या वर्षी शटर खाली आले, आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळले की ठेव विम्याचे पाच लाखांचे संरक्षण बँकांच्या ठेवींना आहे, सहकारी बँकांनाही आहे, पण पतसंस्थेला नाही. ठेवीदारांच्या बैठकांना मी अजूनही जातो. तिथे निम्मे लोक माझ्यासारखेच निवृत्त आहेत.

उत्तर ३ : बचत गटाची सचिव, चोपडा तालुका

दादा, तुमची चर्चा पीएफ असलेल्यांची चालली आहे. सरकारच्याच श्रमबल पाहणीत गेल्या काही वर्षांत असे दिसले की शेतीबाहेर नियमित पगारावर काम करणाऱ्यांपैकीही निम्म्याहून अधिक लोकांना कोणतीही सामाजिक सुरक्षा नाही. मग केळीच्या गाड्या भरणाऱ्या आमच्या गावच्या टोळीचे काय सांगावे? बाजार समितीतले जे हमाल १९६९ च्या माथाडी कायद्याखाली मंडळात नोंदलेले आहेत, त्यांच्या मजुरीवर व्यापाऱ्याकडून लेव्ही घेतली जाते आणि तिच्यातून त्यांचा भविष्यनिर्वाह निधी व ग्रॅच्युइटी भरली जाते. शेताच्या बांधावर गाडी भरणाऱ्याची मात्र कुठेच नोंद नसते, आणि काम तेच, पाठीवरचे ओझेही तेच.

आमच्या गटात चौदा जणी आहेत आणि त्यांपैकी नऊ जणींनी अटल पेन्शन योजना घेतली आहे. मी ३५ व्या वर्षी दोन हजारांची पेन्शन निवडली, तिला महिन्याला ३६२ रुपये लागतात. याच वयाला पाच हजारांच्या पेन्शनला ९०२ लागतात आणि अठराव्या वर्षी सुरू केले असते तर त्याच पाच हजारांना २१० पुरले असते. चाळिशीनंतर प्रवेशच नाही. आमची खरी अडचण रकमेची नव्हती. मजुरीचा पैसा कापूस वेचणीच्या दिवसांत येतो, आणि उन्हाळ्यात खात्यात काही नसते, त्यामुळे हप्ता कापायला गेला की खाते रिकामे आणि वर दंड. वर्षभर असेच चालले. मग गावात बँकेचे काम पाहणाऱ्या ‘बँक मित्रा’ने सांगितले की हप्ता सहामाहीही करता येतो. आता आम्ही जानेवारीत कापसाच्या पैशातून एकदा आणि जुलैत गटाच्या व्याजातून एकदा भरतो, आणि तेव्हापासून एकीचाही हप्ता चुकलेला नाही.

मात्र मी साठ वर्षांची होईन तेव्हा दोन हजारांत काय येईल, हा प्रश्न मी बैठकीत काढत नाही. आज श्रावणबाळ आणि संजय गांधी योजनेत महिन्याला १,५०० मिळतात, आणि दहा वर्षे पीएफ भरलेल्या कामगाराची किमान पेन्शन २०१४ पासून १,००० वरच थांबलेली आहे. बायका हे मोजतात. म्हणून अजूनही पहिली पसंती सोन्याच्या मण्यांना आणि दुसरी शेळीला आहे, आणि अडीअडचणीला शेळी लवकर विकली जाते हे मान्य करावेच लागते.

उत्तर ४ : शहाद्याचे गुरुजी

मी २००७ चा शिक्षक आहे, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ नंतरचा, जुनी पेन्शन नसलेला. ती मिळावी म्हणून मार्च २०२३ मध्ये झालेल्या संपात मीही होतो. पाळधीकरांच्या प्रश्नाशी एवढाच संबंध जोडतो की ‘सरकारी नोकरी म्हणजे पेन्शन’ हे गावातले समीकरण आमच्या पिढीपुरते बदलले आहे, आणि शाळेच्या खोलीत शेजारी शेजारी बसणाऱ्या दोन शिक्षकांचे म्हातारपण नेमणुकीच्या तारखेवरून वेगळे होते. तरुण शिक्षक आता म्युच्युअल फंडाच्या एसआयपीबद्दल, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम गुंतवण्याबद्दल, बोलतात. देशभरातली मासिक एसआयपी सप्टेंबर २०२१ मध्ये दहा हजार कोटींच्या वर गेली आणि एप्रिल २०२४ मध्ये वीस हजार कोटींच्या वर, त्यात आमच्याही शाळेचे चार हप्ते आहेत. बाजार पडला की त्या दिवशी मधल्या सुट्टीत कोणी बोलत नाही.

उत्तर ५ : जुना जमाखर्च, धुळे

वरच्या उत्तरांनंतर पाळधीकरांचा उरलेला हिशेब पूर्ण करतो.

तुमच्या पासबुकातील ४,६०,००० रुपयांवर सध्याचा ८.२५ टक्के दर पाच वर्षे टिकला, आणि दरमहा तुमचे १,९२० व मालकाचे पेन्शन वजा जाता उरलेले ६७० जमा होत राहिले, तर निवृत्तीच्या वेळी साधारण पावणेनऊ लाख होतील. दर टिकेलच असे नाही. १९८९-९० ते १९९९-२००० हा दर १२ टक्के होता आणि २०२१-२२ मध्ये तो ८.१ पर्यंत उतरला होता. ग्रॅच्युइटी आजच्या पगारावर, १६,००० भागिले २६ गुणिले १५ गुणिले २५ वर्षे, म्हणजे सुमारे २,३०,००० होते. एकूण अकरा लाख.

ते अकरा लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. ही योजना साठीनंतरची असली तरी ५५ ते ६० मध्ये निवृत्त झालेल्याला निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिच्यात ठेव ठेवता येते. कारखान्याकडून निवृत्तीचा दाखला मात्र घेऊन ठेवा, कारण पोस्टात तो मागतात. ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला २२,५५० रुपये येतात, महिन्याला साडेसात हजार. पेन्शन धरून बारा हजार दोनशेच्या आसपास. आईच्या आकड्याला तुम्ही तरीही पोचत नाही, आणि तिचा आकडा जुलैत व जानेवारीत वाढतो, तुमचा वाढणार नाही. म्हणून व्याज सगळे खर्च न करता त्यातले हजार-बाराशे पुन्हा बाजूला टाकण्याची सवय पहिल्या वर्षापासून लावावी लागेल.

आता पाच वर्षांत काय करता येईल? स्वेच्छेने जादा पीएफ कापून घेण्याची सोय आहे. कारखान्याच्या कार्यालयात अर्ज द्या आणि महिन्याला २,००० जादा कापायला सांगा. व्याज तेच मिळते आणि पाच वर्षांत दीड लाखाच्या जवळ जमा होतात. दुसरे, पुन्हा उचल घेऊ नका. तिसरे, दर महिन्याला सरकारच्या उमंग ॲपवर पासबुक उघडून हप्ता जमा झाला की नाही ते पाहा. मी ज्या एका सहकारी कारखान्यात शेवटी होतो, तिथे चौदा महिने कामगारांचे पैसे कापले गेले आणि भरले गेले नाहीत. पगारपत्रकावर कपात दिसायची म्हणून कोणालाही शंका आली नाही, आणि मला आकडा माहीत असून मी गप्प राहिलो. कायद्याने असे कापून न भरणे हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा आहे, आणि कारखाना विकला गेला तरी पीएफची थकबाकी इतर देण्यांच्या आधी भरावी लागते, पण ते पैसे मिळेपर्यंत आमचे सात लोक गेले होते.

पेन्शन योजनेच्या नोंदीत पत्नीचे नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणे आहे ना, ते आजच तपासा. तुमच्या पश्चात तिला तुमच्या पेन्शनच्या निम्मे मिळेल, आणि नावातल्या एका काना-मात्रेसाठी वर्षभर फेऱ्या घालणाऱ्या विधवा मी पाहिल्या आहेत.

पाळधीकर

धुळ्याचे आप्पा, ताई, गुरुजी आणि भुसावळचे काका, सर्वांचे आभार. ५५७ चा आकडा वाचून दोन दिवस कोणाशी बोललो नाही, हे खरे सांगतो. बहिणीचे लग्न मात्र त्या पैशाशिवाय झाले नसते, त्यामुळे पश्चात्ताप कोणत्या गोष्टीचा करावा हे ठरवता येत नाही.

कार्यालयात जादा कपातीचा अर्ज काल दिला. लिपिकाने विचारले की पाच वर्षांसाठी कशाला खटाटोप, तेव्हा त्याला आपला हिशेब दाखवला आणि त्याने स्वतःच्या अर्जाचाही कागद काढला. पत्नीचे नाव योजनेत ‘शोभाबाई’ आणि आधारवर ‘शोभा’ असे निघाले, ते दुरुस्तीला टाकले आहे. मुलाचा यूएएन एकच आहे, ही त्यातल्या त्यात चांगली बातमी. दुसऱ्या ठेकेदाराकडचा पीएफ त्याने अजून काढलेला नव्हता, तो आता वर्ग करायचा आहे. त्या ठेकेदाराने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नाही आणि फोनही उचलत नाही, पण दोन महिने केव्हाच उलटून गेले आहेत, म्हणून मुलगा रविवारी गावी आला की समोर बसवून ती तारीख भरून घेतो.